भाचीच्या वहीतले संशयित

मुलगी पुस्तक वाचतेय हे पाहून घरातली मोठी माणसं खूश होतात. जवळ जाऊन मुखपृष्ठ पाहिलं की खुशी जरा कमी होते. मुखपृष्ठावर भिंग असतं, पावलांचे ठसे असतात, कधी रक्ताचा थेंबही असतो. मग प्रश्न येतो, "इससे फायदा क्या?" कर्जतला माझ्या बहिणीच्या घरी हा प्रश्न मी गेल्या दोन वर्षांत इतक्या वेळा ऐकलाय, की त्याचं उत्तर एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं. (कर्जत म्हणजे लोकलवालं कर्जत नाही, ते रायगडमध्ये. आमचं कर्जत नगर जिल्ह्यातलं, आता अहिल्यानगर. ज्वारीचं, काळविटांचं, आणि यंदा पाऊस कधी येणार या कायमच्या रहस्याचं.)

माझी भाची नववीत आहे, मराठी माध्यमात. घरात आम्ही सगळे दखनी बोलतो, शाळेत आणि बाजारात मराठी. अरबी अक्षरं तिला येतात, पण ती कुरआन पठणापुरती. उर्दूतली गोष्ट सलग वाचणं काही तिला जमत नाही. हे वर्णन तुमच्यापैकी अनेकांना लागू पडेल. थोडक्यात, गोष्टी वाचायच्या तर तिची भाषा मराठीच आहे, आणि तिच्या सगळ्या गोष्टींत कुठे ना कुठे काहीतरी चोरीला गेलेलं असतं किंवा कुणीतरी नाहीसं झालेलं असतं.

तिची वाचायची पद्धत मला फार आवडते. शंभर पानी वही आहे. प्रत्येक पुस्तकाला दोन पानं. त्यावर तीन रकाने आखलेले: नाव, कारण, आणि "तेव्हा कुठे होता". पुस्तक अर्धं झालं की आपला अंदाज पेनाने लिहायचा, पेन्सिलीने नाही. नंतर खोडायचा नाही. शेवटचं पान आधी बघायचं नाही. लेखकाने गुन्हेगार भलताच काढला, म्हणजे आधी कुठेही खूण न ठेवता अचानक नवा माणूस आणून उभा केला, तर त्या पानावर लाल शाईत "चीटिंग" असा शेरा. मी ते पुस्तक आधी वाचलेलं असेल आणि तोंड उघडायला लागलो, तर लगेच, "मामू, बोलना नको!" आमच्या दखनीतला हा "नको" मराठीतून आलेला आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो. आपल्या घरातल्या भाषेला मराठी परकी नाही याचा यापेक्षा छोटा पुरावा मला माहीत नाही.

तिच्या आवडत्या मालिका तीन. पहिला अर्थातच फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, काटकुळा, सायकलवर सुसाट सुटणारा आणि काही सुचलं की तोंडाने "टॉक्" करणारा. भागवतांचा जन्म १९१० चा, निधन २००१ चं. म्हणजे फेणे माझ्या भाचीपेक्षा चांगला दोन पिढ्या मोठा. १९८७ साली दूरदर्शनवर सुमीत राघवनने तो साकारला, २०१७ साली सिनेमात अमेय वाघने. सिनेमातला फेणे मोठा झाला आणि मेडिकलच्या प्रवेशाच्या भानगडीत शिरला, हे भाचीला फारसं रुचलेलं नाही. तिला शाळकरीच हवा. माझं ऑफिस आता हडपसरला आहे, फुरसुंगी तिथून हाकेच्या अंतरावर. मी तिला सांगितलं की आता तिथे शेतं कमी आणि इमारती जास्त आहेत, तर तिला ते ऐकायचंसुद्धा नव्हतं.

दुसरा फेलूदा. सत्यजित राय यांनी १९६५ मध्ये "संदेश" या मुलांच्या मासिकात त्याची पहिली गोष्ट लिहिली. मराठीत हे संच अशोक जैन यांच्या अनुवादातून आले. गोष्ट सांगतो तो फेलूदाचा किशोरवयीन चुलतभाऊ तोपशे. त्यामुळे वाचणारा मुलगा किंवा मुलगी थेट तोपशेच्या शेजारी बसते. त्यातली लखनौची गोष्ट भाचीने दोनदा वाचली, कारण त्यात औरंगजेबाची म्हणून सांगितली जाणारी एक अंगठी गायब होते. तो बादशहा १७०७ साली वारला तो आपल्याच जिल्ह्यात, नगरजवळ भिंगारला, हे मी सांगितल्यावर तिने वहीत समासात लिहून ठेवलं: "अंगठी आधी इथे होती का?" उत्तर कुणाकडेच नाही, राय यांच्याकडेही नव्हतं. पण प्रश्न बरोबर आहे.

आणि तिसरं पुस्तक इंग्रजी. हॉली जॅक्सनचं "अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर", २०१९ चं. आधी त्यावरची मालिका माझ्या मोबाइलवर पाहिली, मग पुस्तक हवंच म्हणाली. मी पुण्याहून नेलं. शब्दकोश शेजारी ठेवून दोन महिने लागले, पण संपवलं. इंग्रजीच्या शिकवणीला बहीण महिन्याला जे पैसे भरते, त्यापेक्षा त्या पुस्तकाने जास्त इंग्रजी शिकवलं असं माझं मत आहे. शिकवणीच्या सरांना ते सांगणार नाही. या पुस्तकाकडे मी परत येतो, कारण ते आपल्या कामाचं आहे.

आता फायद्याबद्दल.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे दिवसभर कोड लिहिणं. प्रत्यक्षात निम्मा वेळ आधीच लिहिलेल्या कोडमध्ये काय बिघडलं ते शोधण्यात जातो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका ग्राहकाच्या यंत्रणेत काही ऑर्डरींची तारीख एक दिवस मागची पडायला लागली. सगळ्या नाही, काहीच. आठवड्यापूर्वी टीममध्ये एक नवा मुलगा आला होता, आणि शेवटचा बदल त्याच्या नावावर होता. झालं. मीटिंगमध्ये सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे. कुणी आरोप केला नाही, पण त्याच्या अंगावरची हवा बदलली. त्याने दोन दिवस स्वतःचाच कोड उलटसुलट करून पाहिला. तिसऱ्या दिवशी टीममधल्या एका वरिष्ठ बाईंनी साधी गोष्ट केली. बिघडलेल्या ऑर्डरींची यादी काढून ती वेळेप्रमाणे लावली. सगळ्या ऑर्डरी मध्यरात्री बारा ते पहाटे साडेपाच यांच्यामधल्या होत्या. एकही बाहेर नाही.

साडेपाच हा आकडा दिसला की आमच्या धंद्यातल्या माणसाच्या डोक्यात घंटा वाजते. भारतीय वेळ ही जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. इथे बारा वाजून तारीख बदलली तरी तिकडे अजून कालचाच दिवस असतो, आपल्या पहाटे साडेपाचपर्यंत. म्हणजे कुठेतरी एखादं यंत्र आपल्या घड्याळाऐवजी जागतिक घड्याळ पाहत होतं. सर्व्हर बदलले गेले होते, त्यातल्या एकाचं घड्याळ तसं लावलेलं राहिलं होतं. नव्या मुलाच्या बदलाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

ही गोष्ट मी भाचीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "तिसरा रकाना." तेव्हा कुठे होता. बरोबर. संशय माणसावरून सुरू न करता वेळेवरून सुरू केला की उत्तर सापडतं. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत हे मला कुणी या शब्दांत शिकवलं नाही. चांगली रहस्यकथा ते पंचविसाव्या पानावर शिकवते, आणि वाचणाऱ्याला शिकतोय हे कळतही नाही.

रहस्यकथेचा एक अलिखित करार असतो. पहिल्या काही पानांत ज्याच्यावर अख्ख्या गावाचा संशय असतो, तो बहुतेक वेळा गुन्हेगार नसतो. लेखक मुद्दाम त्याला आपल्यासमोर उभा करतो: परका, गरीब, उद्धट, विचित्र कपड्यांचा, कुणाशी न बोलणारा. आपण अलगद त्याच्यावर बोट ठेवतो. शेवटी कळतं की आपल्याला त्याचा चेहरा दाखवला गेला होता, पुरावा नाही. असं दहा-वीस वेळा झालं की वाचणाऱ्याचं मन सावध होतं. "हा तर दिसतोच चोरासारखा" या वाक्याची त्याला शरम वाटायला लागते.

जॅक्सनच्या पुस्तकात नेमकं हेच मध्यभागी आहे. इंग्लंडमधलं एक छोटं गाव. पाच वर्षांपूर्वी शाळेतली एक मुलगी नाहीशी झालेली. खून तिच्या मित्राने केला, असं पोलिसांनी आणि गावाने ठरवून टाकलेलं. तो मित्र, सॅल सिंग, भारतीय वंशाचा. तोही आता हयात नाही. मागे राहिलं त्याचं कुटुंब, ज्यांच्याशी गाव बोलत नाही. पिप नावाची एक विद्यार्थिनी शाळेचा प्रकल्प म्हणून हे प्रकरण पुन्हा उघडते, आणि सॅलच्या धाकट्या भावाला, रवीला, बरोबर घेते. पुढचं सांगत नाही. पण भाचीने ते वाचून झाल्यावर मला जे विचारलं ते चोर कोण याबद्दल नव्हतं. तिने विचारलं, "उनके घर को पाँच साल कोई आया ही नहीं, मामू?"

या प्रश्नाला मी इंग्लंडमधलं उत्तर द्यायची गरज नव्हती. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारातचा दिवस, त्यात शुक्रवार. मालेगावात बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले, नमाजला आलेली तीसहून अधिक माणसं गेली. मेलेले मुसलमान आणि काही आठवड्यांत पकडले गेले तेही मुसलमान, नऊ जण. तपास एका यंत्रणेकडून दुसरीकडे आणि तिथून तिसरीकडे गेला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपांतून मुक्त केलं. नऊपैकी एक जण तो दिवस पाहायला उरला नव्हता. स्फोट कोणी केले, या प्रश्नाचं उत्तर त्या निकालात नव्हतं. दहा वर्षं. नववीतली मुलगी त्या दहा वर्षांत शाळेत जाऊन बालवाडीपासून आठवीपर्यंत पोचते. त्या घरांत किती लोक गेले असतील, हे आपण आपल्याच मोहल्ल्याला विचारलेलं बरं. कारण संशयिताच्या घराकडे पाठ फिरवणारे फक्त "ते" नसतात. आपल्यातलेही "कुछ तो किया होगा" म्हणत गल्ली बदलतात.

आता काही जण म्हणतील, एवढं गंभीर प्रकरण आणि तुम्ही पोरांच्या पुस्तकांशी जोडताय. जोडतोय, कारण "कुछ तो किया होगा" हे वाक्य न म्हणायची सवय पंचविशीत लागत नाही. ती लागायचं वय चौदा-पंधराच आहे.

मोठ्यांचा दुसरा आक्षेप दीनचा असतो. खोट्या गोष्टी, चोरी, खून. हे वाचून मुलं काय शिकणार? ज्या घरात हा आक्षेप घेतला जातो त्याच घरात सूरह यूसुफ मोठ्या प्रेमाने वाचली जाते. तिच्याकडे एकदा भाचीच्या वहीच्या नजरेने पाहा. मी आलिम नाही, दीनच्या बाबतीत माझं म्हणणं शेवटचं धरू नका. पण जे समोर आहे ते तर दिसतं. भाऊ यूसुफ अलैहिस्सलाम यांचा सदरा बापाकडे आणतात, रक्त लावून, आणि म्हणतात लांडग्याने खाल्लं. याकूब अलैहिस्सलाम यांचा विश्वास बसत नाही. तफसीर लिहिणाऱ्यांनी इथे फार मार्मिक गोष्ट नोंदवली आहे: सदरा फाटलेलाच नव्हता. मुलाला खाऊन सदरा शाबूत ठेवणारा लांडगा मोठा समजूतदार म्हणायचा!

पुढे मिसरमध्ये अजीजच्या घरी आळ येतो. दोघांचं म्हणणं उलटसुलट, साक्षीदार कुणी नाही. तेव्हा त्या बाईच्याच घरातला एक माणूस कसोटी सांगतो. सदरा पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर तो खरा. सदरा पाहतात. मागून फाटलेला. म्हणजे हा पळत होता आणि ती मागून ओढत होती. गुलाम विरुद्ध मालकीण, परका विरुद्ध घरची, आणि निवाडा मात्र कापडावरून. माणूस कोण आहे यावरून नाही.

पण मला सर्वात जास्त हलवतो तो त्यापुढचा भाग. पुरावा दिसला, सगळ्यांना कळलं, तरीही त्यांना तुरुंगात टाकलं गेलं. कित्येक वर्षं. आणि अखेर राजाचं बोलावणं आलं तेव्हा ते उठून निघाले नाहीत. आधी त्या जुन्या प्रकरणाची चौकशी करा, ज्या बायकांनी हात कापून घेतले त्यांना विचारा, असा निरोप उलट पाठवला. चौकशी झाली, बाईने कबूल केलं, मग ते बाहेर आले. सुटकेआधी निर्दोषत्व. मालेगावच्या त्या माणसांनी तुरुंगात ही सूरह किती वेळा वाचली असेल याची कल्पना करून पाहा. म्हणून पुरावा, साक्ष, संशय यांचा खेळ मुलांनी वाचला तर दीन बिघडतो, हे मला कुणी समजावून सांगावं.

बगदादची जुनी गोष्टही इथे आठवते. अलिफ लैलात "तीन सफरचंदं" नावाची गोष्ट आहे: नदीतून पेटी निघते, पेटीत एका स्त्रीचं प्रेत, आणि खलिफा हारून अल रशीद आपल्या वजिराला तीन दिवसांची मुदत देतो, खुनी शोध नाहीतर मर. जाफर बिचारा काहीच शोधत नाही, घरी बसून राहतो. गुप्तहेर म्हणून शून्य गुण. पण प्रेत, मुदत, चुकीचा संशय, सगळं सामान तिथे हजर आहे. अलिफ लैलाच्या गोष्टी एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणल्या, "अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी" या नावाने, आणि मराठी वाचकांनी त्यांची पारायणं केली. बगदाद मराठीत येऊन कित्येक पिढ्या झाल्या, आणि आम्ही अजून विचारतोय की मराठी आपली आहे का.

माझे नाना एसटीत होते. मुक्कामाच्या गावी डेपोजवळच्या दुकानातून भाड्याने पुस्तक घ्यायचं, रात्रीत संपवायचं, सकाळी परत. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, काळापहाड, धनंजय हे सगळे त्यांचे रात्रीचे सोबती. अर्नाळकरांनी हजारावर कादंबऱ्या लिहिल्या; एवढी पुस्तकं मोजायलासुद्धा एखादा हेर ठेवावा लागेल. पुढे सुहास शिरवळकर आले. "दुनियादारी" सगळ्यांना माहीत असते, पण त्याआधीचा त्यांचा दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन हा गोतावळा आता जुन्या वाचकांनाच आठवतो. नानांना मराठी साहित्य म्हणजे काय असं विचारलं असतं तर त्यांनी खांडेकरांचं नाव घेतलं नसतं. पण मराठी त्यांनी पोटभर वाचली. त्यांच्या पेटीत उर्दूही होती: इब्ने सफी.

इब्ने सफी माहीत नसेल तर थोडं थांबा. खरं नाव असरार अहमद, जन्म १९२८, अलाहाबाद जिल्ह्यातलं नारा गाव. त्या काळी उर्दूत असं म्हटलं जाई की अश्लीलतेशिवाय खपाऊ पुस्तक होत नाही. या तरुण शिक्षकाने ते खोटं ठरवायचं मनावर घेतलं. १९५२ मध्ये अलाहाबादहून "जासूसी दुनिया" सुरू झाली. त्याच वर्षी ते कराचीला गेले, पण पुस्तकं दोन्हीकडे निघत राहिली. १९५५ पासून "इम्रान" मालिका. दोन्ही मिळून अडीचशेच्या आसपास पुस्तकं, आणि त्यात बाप मुलीसमोर वाचू शकणार नाही असं पान शोधून सापडणार नाही. १९८० मध्ये ते गेले.

त्यांचा नायक कर्नल फरीदी आणि त्याचा मस्करीखोर सहकारी कॅप्टन हमीद. हीच पुस्तकं हिंदीतही निघत, तितक्याच जोरात खपत. फक्त हिंदीत कर्नल फरीदीचा कर्नल विनोद झाला. इम्रानचा राजेश झाला. हमीद मात्र हमीदच राहिला. प्रकाशकाचा हिशेब धंद्याचा असणार, त्यात मी कट शोधत नाही. पण ही छोटी गोष्ट माझ्या मनातून जात नाही: सहकाऱ्याचं नाव चालून गेलं, नायकाचं बदलावं लागलं. शम्सुर्रहमान फारूकींसारख्या मोठ्या समीक्षकाने २०११ च्या सुमारास यातली चार पुस्तकं इंग्रजीत आणली, तेव्हा फरीदी पुन्हा फरीदी झाला. म्हणजे चेन्नईतून निघालेल्या इंग्रजी पुस्तकात त्याला त्याचं नाव मिळालं. माझ्या भाचीच्या हातात मराठी फरीदी मी अजून देऊ शकलेलो नाही.

इथे माझं खरं म्हणणं येतं. मी वाचलेल्या मराठी किशोर रहस्यकथांत शोध लावणारा मुलगा किंवा मुलगी कधी आपल्या घरातली नव्हती. दुसऱ्या बाजूला टीव्हीवरच्या गुन्हेगारी मालिकांत आणि सिनेमांत आपली नावं भरपूर असतात, कुठल्या रकान्यात ते सांगायला नको. सुरमा, ताईत, चौकडीचा रुमाल, मागे अजानचा आवाज, प्रेक्षकाने ओळखायचं. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, या प्रकारच्या लेखनासाठी दहा नियम केले. त्यातला पाचवा नियम असा की गोष्टीत चिनी माणूस आणू नका. ऐकायला वाईट वाटतं, पण रोख उलटा आहे. फू मांचूसारख्या खलनायकांमुळे त्या काळच्या स्वस्त कादंबऱ्यांत चिनी माणूस दिसला की तोच दुष्ट, हे ठरून गेलं होतं. नॉक्सच्या लेखी ती आळशी लेखकाची खूण होती. आज आपल्याकडे तो नियम कुणी नव्याने लिहायला घेतला, तर "चिनी"च्या जागी कोणता शब्द येईल?

यावर रुसून बसण्यात अर्थ नाही. आपल्याला लिहायला कुणी अडवलेलं नाही. १९९० मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. तेव्हापासून कविता झाल्या, आत्मकथनं झाली, वैचारिक लेखन तर भरपूर. सगळं गंभीर, सगळं वेदनेचं. ते हवंच. पण चौदा वर्षांच्या पोरीला उन्हाळ्याच्या सुट्टीत वेदना वाचायची नसते. तिला सायकल, कुलूप, गुप्त चिठ्ठी हवी असते. आपल्या लेखकांना गंमत लिहायला संकोच वाटतो, असं माझं निरीक्षण आहे. जणू गंमत लिहिली तर समाजाचे प्रश्न रागावतील. शेजारच्या श्रीगोंद्यात सतराव्या शतकात शेख महंमदांनी "योगसंग्राम" मराठीत लिहिला, तेव्हा त्यांनी कुणाची परवानगी घेतली नव्हती.

आणि वाचायला पुस्तकं कुठून आणायची? तालुक्याच्या गावात पुस्तकांचं दुकान म्हणजे गाइड, नवनीत आणि स्पर्धा परीक्षा. पण सरकारमान्य सार्वजनिक वाचनालयं आहेत, अ, ब, क, ड वर्गांची, १९६७ च्या कायद्याने चालणारी. वर्गणी किरकोळ असते. आपल्या किती घरांत त्याचं कार्ड आहे? वर्तमानपत्र वाचायला बसलेल्या पुरुषांच्या टेबलावरून पलीकडच्या कपाटापर्यंत जाणं मुलीला अवघड वाटतं, हे खरं आहे. बहीण पहिल्यांदा स्वतः सोबत गेली, तिच्या नावाचंही कार्ड काढलं. आता भाची मैत्रिणीबरोबर जाते, आणि ग्रंथपाल तिच्यासाठी रहस्यकथा बाजूला काढून ठेवतात.

जिथे वाचनालयापर्यंत पाऊल जात नाही तिथे पुस्तकंच मोहल्ल्यात आणता येतात. औरंगाबादमध्ये रीड अँड लीड फाउंडेशनने २०२१ पासून मोहल्ल्या-मोहल्ल्यांत बालवाचनालयं उभी केली. सुरुवात एका शाळकरी मुलीच्या स्वतःच्या पुस्तकांनी झाली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची "ग्रंथ तुमच्या दारी" योजना पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत पोचवते. म्हणजे रस्ता कुणीतरी चालून दाखवलाय. आपल्याकडे मदरशाच्या ओट्यावर, कुणाच्या बैठकीत, शिकवणीच्या खोलीत एक पेटी सहज मावते. फक्त एक विनंती. त्या पेटीत व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तकं भरू नका. "यशाचे सात मार्ग" पोरांनी पुष्कळ पाहिलेत. पंचवीस पुस्तकं घेतलीत तर किमान पंधरा गोष्टीची घ्या, आणि त्यातली निम्मी अशी की रात्री वीज गेली तर पोरं मोबाइलच्या उजेडात वाचत बसतील.

ज्यांना लिहायचं आहे त्यांच्यासाठी सामान तर आपल्या दारात पडलंय. कर्जतपासून जवळच रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. तिथून एखादं काळवीट नाहीसं झालं तर हजेरी कशी घेणार? राशीनला देवीच्या देवळात हलवल्या की हलणाऱ्या दीपमाळा आहेत. सिद्धटेकला भीमेचं पात्र आहे. नगरच्या डोंगरावर जी इमारत सगळे चांदबिबीचा महाल म्हणून दाखवतात, ती प्रत्यक्षात सलाबतखानाची कबर आहे. अख्ख्या जिल्ह्याने वर्षानुवर्षं चुकीचं नाव घेतलं, यापेक्षा चांगली सुरुवात कुठल्या हेराला मिळेल? नायिका बागवानाची मुलगी असू दे, किंवा शिकलगाराची, किंवा एसटी कंडक्टरची. घरी दखनी बोलू दे, वर्गात मराठी. ईदच्या आदल्या दिवशी काहीतरी हरवू दे. तिची मैत्रीण सुतारांची किंवा धनगरांची असू दे, कारण आपल्या गावात ती तशीच असते. पहिल्याच गोष्टीत खून नको, सायकल चोरीला गेली तरी पुरे. आणि शेवट नीट करा, आधी खुणा पेरून ठेवा. कर्जतमध्ये एक वही आहे, तिच्यात लाल शाईचं पेन अडकवलेलं असतं.